आत्यांचा शेंगापोळीचा व्हिडिओ आणि ते फुकटचं सॉफ्टवेअर

आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला देणार नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. माझ्या माहेरी अमावस्येला प्रवासाला निघायचे, मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हणायचे. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय... पण घडलं ते घडलं.

आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. दुसरा मजला, पश्चिमेचं घर, एप्रिलमध्ये दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. घरात मी, हे आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरायच्या. त्यांच्या हातच्या पोळ्या, आमट्या, चटण्या मी मोबाईलवर शूट करायची आणि यूट्यूबला टाकायची. मी कॅमेऱ्यामागं, त्या पुढं. बघणारे फार नव्हते, पण आत्यांना लई हौस. नवीन पातळ नेसून, केस विंचरून तयार व्हायच्या.

माझ्या नणंदेला, मंगल वन्संना, हे पहिल्यापासून खुपायचं. त्या वळसंगला दिलेल्या. फोन आला की एकच, "वहिनी, आईला ह्या वयात शेगडीपुढं उभी करतीस होय? लोकांचे लाईक पाहिजेत म्हणून?" मी किती वेळा सांगितलं, वन्सं, मी नाही, त्याच म्हणतात. ऐकतंय कोण.

आणि मग शेंगापोळीचा व्हिडिओ केला, त्याच आठवड्यात आत्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक शब्द तेवढा राहिला, "साकु". म्हणजे कन्नडमध्ये पुरे. चहा पाहिजे असला तरी साकु, नको असला तरी साकु. वन्सं आल्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "केलंस की नाही शेवटी!" आणि डिस्चार्ज मिळाल्यावर आईला घेऊन वळसंगला गेल्या. माझ्याशी बोलणं बंद. हे गाडीवर जाऊन आईला भेटून यायचे, मला मात्र नको यायला असा निरोप.

पुढं कधीतरी ह्यांच्या फोनवर त्यांचा मेसेज आला. आईचा आवाज असलेला शेवटचा व्हिडिओ पाठव म्हणून. मलाच मागायचा, पण माझ्या नंबरवर नाही!

तो व्हिडिओ अर्धवट होता. आत्या पोळी लाटतायत, शेंगदाण्याच्या कुटात तिळाचं आणि गुळाचं प्रमाण सांगतायत, मग लाटणं ठेवून कॅमेऱ्याकडं बघतात, "अन् हे बघ..." म्हणतात आणि खल्लास. मोबाईलची मेमरी भरली होती. मला तो क्षण चांगला आठवतो, कारण मी वैतागले होते. मान खाली घालून मोबाईलशी झटत बसले, मग "थांबा आत्या, बंद पडलं," म्हणाले आणि जुने फोटो उडवायला लागले. मी मोबाईलशी झटत असताना आत्या काहीतरी बोलत होत्या. काय, ते मी ऐकलं नाही. जागा झाली तोवर पोळी तव्यावर गेली होती.

आता ही अर्धवट फाईलसुद्धा एवढी जड, की जाईना. व्हॉट्सॲपवरून पाठवली की चेहऱ्याचा लगदा. त्यात आमचा एक ग्रुप आहे, घरून व्हिडिओ करणाऱ्या बायकांचा. तिथं कुणीतरी लिंक टाकली होती. फुकट सॉफ्टवेअर, व्हिडिओ लहान करतं, आवाज स्वच्छ करतं, क्वालिटी तीच. खाली सगळ्यांचे अंगठे, "मस्त चालतंय ताई." कुणी बनवलं, तेवढं विचारलं. एकीला तिच्या भाच्यानं दिलेलं, भाच्याला कुणी दिलं ते माहीत नाही.

माझे दीर सचिन पुण्याला कॉम्प्युटरमध्येच आहेत. त्यांना फोन केला तर ओरडलेच. "वहिनी, हात लावू नका त्याला! ते आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतंय का?"

"सांगतंय की."

"मग झालं! चोर म्हणतोय कुलूप काढा, आणि तुम्ही किल्ली शोधताय."

हे म्हणाले, "फुकट देणाऱ्याला आपल्याकडचं काय पाहिजे ते आधी बघ." सल्ले द्यायला दोघंही तयार. दुसरं चांगलं सॉफ्टवेअर द्या म्हटलं तर सचिनना मीटिंग आणि ह्यांना झोप! दोन दिवस मी नुसती त्या लिंककडं बघत बसले. ठेवावा विश्वास की नको... शेवटी व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला, जुना लॅपटॉप काढला, त्यातलं सगळं दुसरीकडं हलवलं. सॉफ्टवेअर उतरवून झाल्यावर नेट बंद केलं आणि मग ते चालवलं. जाऊ दे गेला तर लॅपटॉप.

भर दुपार होती. पंखा गरम हवा फेकत होता. काम झालं, फाईल खरंच लहान झाली. नीट आहे का बघावं म्हणून लावली. लाटणं, तीळ, गूळ, "अन् हे बघ..."

व्हिडिओ थांबला नाही.

आत्यांनी डावा हात वर केला, लहान पोराला दटावतात तसं बोट नाचवलं आणि म्हणाल्या, "मंगल, तू बघणार हाय हे, मला ठावं हाय. सुजाताला बोलत जाऊ नको. मीच म्हनले व्हिडिओ कर म्हणून. मला हितं बरं वाटतंय." मग पदर तोंडाला लावून हसल्या. मागून माझा आवाज, "थांबा आत्या, बंद पडलं." आणि खरंच बंद पडलं.

मी मोबाईलमधली मूळ फाईल लावली. "अन् हे बघ..." आणि खल्लास. लॅपटॉपवरची लावली, पुढचं सगळं आहे. दोन्ही परत लावून बघितल्या, तेच.

बरं, सुटले असं वाटावं ना? कसलं काय! ह्यांनी तो व्हिडिओ वन्संना पाठवला आणि दुसऱ्या मिनिटाला माझा फोन वाजला. इतक्या महिन्यांनी माझ्या नंबरवर.

"लाज वाटत नाही? आईचा आवाज एआयनं बनवून घेतलास? स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला?"

त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. सचिनसुद्धा म्हणाले, "वहिनी, नसलेलं कुठून येईल? मूळ फाईल पाठवा." पाठवली. त्यांनी चार प्रकारे उघडून बघितली. शेवटी काही दडलेलं नाही म्हणाले. आणि नेट बंद असलेल्या जुन्या लॅपटॉपला मंगल कोण आणि सुजाता म्हणजे मी, हे कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, लॅपटॉप मी आलो की बघतो. मी तीच फाईल त्याच सॉफ्टवेअरमध्ये परत परत घातली. दर वेळी "अन् हे बघ..." एवढंच.

शेवटी मी ह्यांच्यामागं गाडीवर बसले आणि न बोलावता वळसंगला गेले. म्हटलं, खरं काय ते एकाच माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस साकुशिवाय बोलत नाही. तरी विचारायचं.

वन्संनी दारातच तोंड फिरवलं, पण आत घेतलं. आत्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून "साकु, साकु" म्हणत रडायलाच लागल्या. वन्संनी त्यांना व्हिडिओ दाखवला नव्हता. खोटा आवाज आईला कशाला ऐकवा, म्हणून. मी तोच लहान केलेला व्हिडिओ मोबाईलवर लावून त्यांच्यासमोर धरला. वन्सं पलीकडं उभ्या, व्हिडिओकडं बघायचंच नाही म्हणून आईच्या तोंडाकडं बघत.

लाटणं. तीळ. गूळ. आत्या बघतायत. स्क्रीनवरच्या आत्यांनी लाटणं खाली ठेवलं, अजून "अन् हे बघ" आलंही नव्हतं... आणि चादरीखालून आत्यांचा डावा हात वर आला. बोट वन्संकडं वळलं, नाचलं. "साकु," त्या म्हणाल्या. दटावून. वन्संनी वाकून मोबाईल बघितला, तेव्हा कुठं त्यातलं बोट वर झालं.

पुढचं बोलणं आम्ही कुणी नीट ऐकलंच नाही. वन्सं खाटेच्या कडेला टेकल्या. "आईनं आधी उचलला हात," एवढंच म्हणत राहिल्या. मग माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

आता आत्या आमच्याकडंच आहेत, वन्सं येऊन जाऊन असतात. सचिननी लॅपटॉप पुसून कोरा केला. ग्रुपवरची लिंक उघडत नाही, तेव्हा कृपा करून मला लिंक मागू नका. आणि असलं फुकटचं काही उतरवूही नका. मला त्यातून काय मिळालं हे वाचूनसुद्धा हेच सांगते.

परवा भाजी निवडताना वन्संनी हळूच विचारलं, "वहिनी, खरं सांग. आई तेव्हा असं बोलली होती का गं?"

मी तेव्हा आत्यांपासून हातभर अंतरावर उभी होते. आणि मला सांगता येत नाही.