अतिकूचा उजवा कान

अतिकू बोलायला लागला की उंटसुद्धा रवंथ थांबवतात, असं वाळवंटाकाठच्या आयरच्या डोंगरातली माणसं म्हणत. पन्नाशी उलटली तरी तोंडावरचा निळा फडका जेवतानाही कधी खाली आला नाही. पण फडक्याआड तोंडाचा पट्टा चालूच. तीस वर्षं तो बिल्माच्या मिठागरांकडे जाणाऱ्या तांड्यात मागेच चालला. जाताना बाजरी, येताना मिठाच्या ढेपा, मधे नुसती वाळू. त्या वाळूत दिवसा कोणी थांबत नाही. चहासुद्धा चालता चालताच होतो, शेगडी हातात धरून. ते काम अतिकूचं.

यंदा तांडा नेणाऱ्या मामाचे गुडघे निकामी झाले. तिथे तांड्याचं म्होरकेपण भाच्याकडे जातं, मुलाकडे नाही; ते अतिकूकडे आलं. मामाने दोनच गोष्टी सांगितल्या.

"येताना वारा उजव्या कानामागे ठेव. आणि बोलू नकोस."

पहिली सोपी होती.

परतीच्या तिसऱ्या दिवशी मामेभाऊ खामिदानने सुरुवात केली. आतेमामेभावांनी एकमेकांची टर उडवायचीच, ही तिथली रीत. न उडवली तर भांडण झालं की काय म्हणून बायका चौकशी करतात.

"म्होरके," आता त्याच्याकडे आलेली शेगडी सांभाळत तो मागून म्हणाला, "माझ्या बापाची जागा मिळाली तुला, चाल नाही मिळाली. गाभण गाढवीसारखा काय चालतोस?"

अतिकूने मागे न बघता पावलं लांब टाकली.

"की जीभ बिल्मात विकून आलास? घेतली कोणी?"

अतिकूला एकाला दहा उत्तरं सुचत होती. शेवटी त्याने डोईच्या फडक्याचे आणखी दोन वेढे कानांवरून आवळले आणि त्या शांततेत तो ऐटीत चालत राहिला.

दिवस मावळायच्या आत गवत गाठायचं होतं. जाताना परतीसाठी वाटेत टाकून ठेवलेले गवताचे भारे तिथे कोणी चोरत नाही. पण वाट सुटली तर ते सापडतही नाहीत. उंट दोन दिवसांचे उपाशी होते.

दुपार कलली. धुळीने सूर्य दुधाळ झाला होता. खामिदान चहाचा पेला द्यायला पुढे आला, तेव्हा अतिकूची नजर शेगडीच्या धुराकडे गेली. तो डावीकडे तिरका जायला हवा होता. तो सरळ पुढे धावत होता.

अतिकूचा हात उजव्या कानाकडे गेला. कान गच्च बांधलेला. आपण डावीकडे कधी झुकलो आणि वारा कधी पाठीवर सरकला, कोणाला ठाऊक.

हळूहळू वळला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण तेवढ्यात अंधार पडला असता, आणि अंधारात भारे मागे राहिले असते तर आयर निम्म्या उंटांनीच पाहिलं असतं. त्याने कान मोकळे केले, थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाट चुकली. माझ्यामुळे. उजवीकडे वळवा."

साठ उंट वळले. टर उडवायला असा घास खामिदानला आयुष्यात मिळाला नव्हता. त्याने पेला पुढे केला.

"आधी पी. मग बोलतो. हे घाईत उरकण्यासारखं नाही."

सूर्य टेकता टेकता वाळूत एक पिवळट ठिपका दिसला, मग दुसरा. उंटांनी ते आधीच हेरले होते. त्यांना आवरताना सगळ्यांची तारांबळ उडाली. भारे सुटले आणि साठ जबडे करकरायला लागले.

अतिकू वाळूवर बसला. खामिदान शेजारी टेकला आणि निवांत दुसरा चहा ठेवायला लागला. अतिकूलाच राहवेना.

"सुरू कर की रे."

"थांब," खामिदान म्हणाला. "घरी पोचायला अजून चार दिवस आहेत. मी पुरवून पुरवून बोलणार आहे."