एकदाच विचारणारं मशीन

आमच्या आत्याला चहा हवा असेल तर ती "नको" म्हणते. फारच हवा असेल तर "आत्ताच पिऊन आले, शपथ" म्हणते. सोनपेठहून एसटीने हाडं खिळखिळी करून घेत ती परभणीला माझ्या घरी टेकते, तेव्हा आमचा पहिला कार्यक्रम हाच असतो. मी विचारायचं, तिनं नको म्हणायचं. मी पुन्हा विचारायचं, तिनं माझ्या दगदगीची काळजी करायची. तिसऱ्या खेपेला उत्तराची वाट न बघता मी गॅस पेटवायचा. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट ठरतो आणि एकदाच विचारून गप्प बसणारा चिकट.

यंदा आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला, तिच्या लेकीकडे करायचं ठरलं. लेकीने आम्हा दोघींची नांदेड-पुणे विमानाची तिकिटं काढली. आत्याने गुडघ्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, इमान गंगेवरून जातंय म्हणं. जलमभर तिच्या काठावर धुणं धुतलं, एकदा वरून बघायचीय." गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. एवढं उघड मागणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कानात सांगितलं, पण सांगितलं.

म्हणजे खिडकीची जागा हवी. विमान कंपनीला फोन लावला तर तिथे माणूस नव्हताच. हल्ली बँक घ्या, विमा घ्या, सगळ्या मोठ्या कंपन्यांनी फोनवर कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली आहे आणि पेपरात तिचं कौतुक नवीन सुनेसारखं चाललेलं असतं. आवाज मात्र गोड होता, मराठी तर माझ्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांपेक्षा शुद्ध. त्याला प्रवाशाशीच बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकून आत्याच्या हातात दिला आणि तिने दोनदा नाकारलेला चहा टाकायला आत गेले.

"आपल्याला खिडकीजवळची जागा हवी आहे का?"

"न्हाई न्हाई, कशाला तुमाला तरास," आत्या लाजून म्हणाली.

"ठीक आहे. मधली जागा निश्चित केली. आपल्याला जेवण हवं आहे का?"

"नको बाई, घरून खाऊन निघताव आमी."

"ठीक आहे. चाकाची खुर्ची लागेल का?"

"छे, चालती की मी."

"ठीक आहे. आपला दिवस आनंदात जावो."

मी दूध उतू जाऊ देत बाहेर पळाले. आत्या फोन कानाला लावून अजून वाट बघत होती. "ठेवला गं त्यानं," ती म्हणाली. "लयच माणूसघाणा दिसतोय. आणखी एकदा विचारलं असतं तर त्याचं काय गेलं असतं?" तिचा चेहरा बघून मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं.

मग मी पदर खोचला. पुन्हा फोन लावला, आत्याच्या नावाने खिडकी मागितली. आवाज म्हणाला, जागा शिल्लक नाही. मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, क्षमस्व, आहे, दिली. इतक्या लवकर? मला शंका आली. गोदावरी कुठल्या बाजूला दिसेल, विचारलं. डावीकडे. नक्की? क्षमस्व, उजवीकडे. अरे, नक्की का? आपलं म्हणणं बरोबर आहे, डावीकडेच. मी काही म्हटलंच नव्हतं.

तेव्हा मला त्याची नस सापडली. या मशीनला आग्रह करता येत नाही, पण आपण त्याला आग्रह केला की ते काहीही कबूल करतं. खोटी पंगत वाढायलासुद्धा तयार होतं. मी चढ्या आवाजात विचारलं, "जागा पक्की ना?" ते म्हणालं, "शंभर टक्के." याच्या जिवावर म्हणे कंपन्या चालायला लागल्या आहेत.

नांदेडच्या विमानतळावर आत्याच्या हातात चिठ्ठी पडली ती मधल्या जागेचीच. काउंटरवरच्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि थकून म्हणाली, "मॅडम, ते सगळ्यांनाच हो म्हणतं." विमान भरलेलं होतं. आत्या म्हणाली, "राहू दे, गंगा कुठं पळून चालली." पण ती मान खाली घालून लंगडत चालायला लागली आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या रांगेत खिडकीला परभणीजवळच्या पिंगळीचा एक आडदांड गृहस्थ बसला होता. नवाकोरा सदरा, मांडीवर बुंदीच्या लाडवांचा डबा. त्याचंही पहिलंच विमान. मधे आत्या, कडेला मी. बसता बसता बोलणं निघालं. त्याच्याही फोनवर मशीनच आलं होतं, पण त्याला लेकाने आधीच बजावलं होतं, पहिल्या झटक्यात हो म्हणायचं. मग आत्याने गंगेचं सांगितलं. माणूस आमच्याच भागातला, रीत पाळणारा. तो म्हणाला, "मग मावशी, तुमी बसता का हिकडं?"

आत्याने एकदा माझ्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "सरका."

त्या बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने रीत म्हणून विचारलं होतं, आणि दोन नकार येणार या भरवशावर. पण शब्द गेला होता. लाडवांचा डबा पोटाशी धरून तो उठला, आत्या खिडकीशी बसली आणि तिने काचेला नाक लावलं. मशीनने तिला एका फोनमध्ये बिघडवलं होतं.

विमान वर गेलं. थोड्या वेळाने आत्या एकदम म्हणाली, "ती बघ. आगं, केवढी वाकडी हाय ही." तिचे डोळे भरून आले. शेजारी तो गृहस्थ मान ताणत होता आणि ताणत नाही असं दाखवत होता.

"दादा, बघताव का?" आत्याने विचारलं.

"नको, बघा तुमी."

"बघा की."

"न्हाई मावशी, राहू द्या."

तिसऱ्या खेपेला आत्याने विचारलंच नाही. त्याची बाही धरून त्याला ओढून घेतलं. दोन डोकी एका खिडकीला लागली आणि सोनपेठ कुठलं, गंगाखेड कुठलं, यावर त्यांचा वाद सुरू झाला. त्यांच्या पाठीशिवाय मला काहीही दिसत नव्हतं. कडेच्या खुर्चीवर मी मनात दोन नकार तयार ठेवून बसले होते. पुणं आलं तरी मला कुणी एकदासुद्धा विचारलं नाही.