दर एक तारखेला

लॅपटॉप आपल्याकडे वळवायचा आणि म्हणायचं, “पाहा न काकू, सगळं उघडं आहे!” ही आमच्या शेजारच्या पोराची सवय. पडद्यावर काय, तर मुंग्यांसारखी अक्षरांची रांग. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण दाखवतोय म्हणजे लपवत नाही, एवढं कळायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, घरी गेलं की कपाटंसुद्धा उघडून दाखवणारी.

तो नागपूरचा. इथे लंडनच्या हाउन्सलोत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. दिवसा ऑफिस आणि उरलेल्या वेळात हे सॉफ्टवेअर, कुठली गोळी कधी घ्यायची याची फोनवर आठवण करून देणारं. आमच्या ह्यांच्या नऊ गोळ्या त्याच्याच भरवशावर. पैसे घ्यायचा नाही, आणि आतलं काम कुणीही बघावं, सुधारावं. वापरणारे मात्र आम्ही धरून पंधरा-वीस जण.

एका रविवारी माझ्या किचन टेबलावर कागद पसरून बसला. “काकू, मार्केटिंग स्ट्रॅटेजी करायची आहे. लोक भरवसा कशावर ठेवतात, सांगा.”

“फुकट आहे असं आधी सांगू नकोस. इथे फुकट म्हटलं की लोक दार लावून घेतात. आणि दूधवाल्यासारखा नेमाने ये बाबा. ठरल्या दिवशी म्हणजे ठरल्या दिवशी.”

त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘दर एक तारखेला नवी आवृत्ती. चुकायचं नाही.’ केवढा अभिमान वाटला मला! आता वाटतं, तो सल्ला मीच दिला होता.

आम्ही म्हाताऱ्यांच्या डे सेंटरला गेलो, लायब्ररीत गेलो. मी ह्यांचा फोन दाखवायचे, तो पत्रकं वाटायचा, फळ्यावर लावायचा. वर्षभरात पार लीड्सहून मेल यायला लागले.

“किती जण वापरतात रे आता?”

“मोजत नाही न काकू. नावही विचारत नाही. आजाऱ्याची माहिती आपण कायले ठेवायची?”

पण एक तारीख जवळ आली की त्याचे डोळे खोल जायचे. तेवढ्यात इंटरनेटवरच एक मदतनीस भेटला. नुसतं टोपणनाव. चुका शोधून द्यायचा, दुरुस्त करायचा, मागायचा काहीच नाही.

“चहाला बोलाव की त्याला.”

“आमच्यात असं नसते काकू. चेहरा नाही, काम पाहतात.”

“मेल्या, बायकोही अशीच करशील!”

तो खूप हसला. मला काही हसू आलं नाही. इतकं गोड आणि मागणं काहीच नाही, असं माणूस मी सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग तिकडे नागपूरला त्याच्या वडिलांना अ‍ॅडमिट केलं. महिनाअखेर होती. निघताना त्याने किल्ल्या, म्हणजे नवी आवृत्ती पाठवायचे सगळे हक्क, त्या मदतनिसाला देऊन टाकले. “एक तारीख चुकायला नको.”

चुकली नाही. सकाळी आठला ह्यांच्या फोनवर गोळीची आठवण आली आणि तिच्याखाली तीन प्रश्न. जन्मतारीख काय? डॉक्टर कोण? घरी एकटेच राहता का?

मी नागपूरला फोन लावून वाचून दाखवलं. वॉर्डातल्या गलक्यात त्याने तिन्ही प्रश्न पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, “काढून टाका काकू. आत्ता.” स्वतःच्याच सॉफ्टवेअरमध्ये शिरायला गेला, तर त्यालाच दार बंद.

परत आल्यावर आठवडाभर माझ्या टेबलाशी बसून, डे सेंटरला, लायब्ररीला, मेल करणाऱ्यांना फोन करत होता. “मीच बनवलंय, काढून टाका.” लोक विचारायचे, “पण तुम्ही कोण?” आणि ज्यांची नावंच कधी विचारली नव्हती, त्यांना शोधणार कुठे? एका सकाळी, लावलेली पत्रकं उतरवून येतो, असं सांगून गेला. पुढे घरमालकाकडून कळलं, घर सोडलं. फोन लागत नाही.

परवा एक तारीख होती. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. तिचा फोन वाजला. गोळीच्या आठवणीचा तो सूर मी झोपेतही ओळखेन. चष्मा सावरून ती एकेक उत्तर भरायला लागली. मी काठी शोधून उठेपर्यंत तिचा स्टॉप आला. फोन पर्समध्ये टाकून ती उतरली आणि एकटीच गल्लीत वळली.