रिकाम्या गाडीचा हॉर्न

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी व्हर्लिन ऑस्टरगार्ड आपल्या दुकानामागे एका जुन्या पिकअपमध्ये पेंडीची पोती चढवत होता. पिकअप विक्रीला होता; काचेवरची किमतीची पाटी त्याने काढून ठेवली होती.

पश्चिम नेब्रास्कातल्या त्या गावात एकसष्ट वर्षांच्या व्हर्लिनकडून गाडी घेतली नाही असं घर विरळा. त्याच्या बापाचं गुरांचं रान दोन कुटुंबं पोसण्याएवढं नव्हतं. ते थोरल्या रोलंडकडे गेलं आणि धाकटा एकोणिसाव्या वर्षी गावात गाड्या धुवायला लागला. पुढे त्याने ते दुकानच घेतलं. "चार चाकांची गुरं पाळतोस, पण एक वासरू देत नाहीत," असं रोलंड त्याला चिडवायचा.

हा पिकअप बापाचा. त्याला मालट्रकचा हॉर्न बसवलेला होता आणि तो ऐकून गाई टेकडीपलीकडून धावत येत. बापाचा नियम एकच होता: हॉर्न वाजवायचा तर गाडीत पेंड हवी. नऊ वर्षांच्या व्हर्लिनने एकदा गंमत म्हणून रिकाम्या गाडीतून हॉर्न वाजवला, तेव्हा जमलेल्या गाईंसाठी त्याला खांद्यावरून पोतं वाहून न्यावं लागलं होतं.

सप्टेंबरात रोलंड हृदयविकाराने गेला. मूलबाळ नव्हतं. त्याची बायको जॉइस हिने रान विकलं, पिकअप दिराच्या दुकानात लावला आणि गाई लिलावाला काढल्या. पण शेजाऱ्यांनी दोन दिवस घोडे दमवले, तरी गाई टेकडी उतरेनात. शेवटी तिने फोन केला. "भावजी, तुम्हीच या. तो हॉर्न घेऊन."

रानावर तिने पोती पाहिली. "आज पेंड कशाला? दुपारी गाई ट्रकमध्ये असतील."

"वहिनी, हॉर्न मी वाजवतोय ना."

तिने चाकू काढून पोत्यांच्या सुतळ्या कापल्या.

त्याने तीनदा हॉर्न दिला. टेकडीवर आधी म्हाताऱ्या गाई दिसल्या, मग सगळा कळप धावतच उतरला. व्हर्लिनने गाडी हळूहळू कुंपणाच्या आत नेली, त्या मागोमाग आल्या आणि जॉइसने फाटक लावलं.

ट्रकवाले खोळंबले होते. व्हर्लिनने त्यांना अर्धा तास थांबायला सांगितलं आणि सगळी पेंड जमिनीवर लांब रांगेत ओतली.

"गाड्या विकणाऱ्याला कसली घाई," एकजण पुटपुटला.

गाईंनी पेंड संपवली. मग त्यांना एकेक करून ट्रकमध्ये चढवलं. एक पांढऱ्या तोंडाची गाय पिकअपच्या हौद्यात मान घालून चुरा चाटत राहिली होती. तिला व्हर्लिनने स्वतः हाताने लोटत नेलं.

दुपारी दुकानात परतून त्याने पिकअप धुतला आणि पाटी परत काचेवर लावली. हॉर्नची तार काढून त्याने खिशात ठेवली.

उद्या गुरुवार. दुकान आठला उघडतं. लिलाव दहाला सुरू होतो.