काढून ठेवलेला फ्यूज

त्या सकाळचा पंचनामा मला आजही ओळ न ओळ पाठ आहे. गुरगावच्या बाजूला काचेच्या इमारती चढत होत्या आणि मी दिल्लीच्या हद्दीवरच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. सळ्यांनी भरलेला एक नवा ट्रेलर सिग्नलजवळ आडवा फिरला होता. धूळ बसावी म्हणून टँकरने रस्त्यावर पाणी मारले होते. मानेसरला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली एक कामगार बाई ट्रेलरच्या मागच्या भागाखाली सापडून जागीच गेली. तिच्या डब्याची नोंद मी स्वतः केली.

चालक विशीतला, मराठी मुलगा. त्याचा एकच धोशा, "डुलकी लागली, साब."

हवालदार खूश. "लो जी, केस खतम! चाय भी नहीं पिलानी पडी."

पण रस्ता मी मोजला होता. टायर घासल्याचे काळे पट्टे बऱ्याच आधीपासून सुरू झाले होते. डुलकी लागलेला माणूस इतक्या लांबून ब्रेक दाबत नाही.

मुलाचे वडील सैन्यातले निवृत्त ड्रायव्हर, पेन्शननंतर दिल्लीतच राहिलेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसत. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्यांनी मला गाठले.

"साहेब, तुम्ही आपल्याकडचे. पोरगं खोटं बोलतंय. गाडी तपासा. त्या नव्या ब्रेकचा मला आधीच संशय होता."

"का?"

"जोरात दाबला की फुस्स फुस्स करून हवा सोडतो. हवेवर चालणारा ब्रेक, अन् हवाच सोडतो! बिल्कुल भरवशाचा नाही."

मी तपासणी लावली. वर्कशॉपच्या मिस्त्रीने मला चाकाजवळ उकिडवे बसवून समजावले. चाकापाशी एक दातेरी कडे असते आणि त्यावरून वेग मोजणारा सेन्सर. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ लागले, की ही यंत्रणा त्या चाकाच्या ब्रेकमधली हवा क्षणभर सोडते आणि पुन्हा भरते, सेकंदाला कित्येकदा. चाक फिरत राहते, स्टिअरिंग हातात राहते, मागचा भाग आडवा येत नाही. तालुक्याच्या शाळेत सरांनी आम्हाला घर्षण शिकवले होते: घसरू लागले की पकड कमी होते. घरातला पहिला पदवीधर मी अशा शिक्षकांमुळे झालो. त्या काळ्या पट्ट्यांचा अर्थ आता लागला. चाके जाम झाली होती, म्हणजे यंत्रणा बंद होती.

यंत्रणा बंद पडली की डॅशबोर्डवर लागणाऱ्या पिवळ्या दिव्यावर काळी टेप होती, कात्रीने गोल कापलेली. फ्यूजच्या पेटीत एक जागा रिकामी होती. मिस्त्री म्हणाला, "किसी ने बडे प्यार से निकाला है, साहब."

मी मुलाला समोर बसवले. "फ्यूज कोणी काढला?"

"मी."

"टेप इतकी गोल कापलीस? कशाने?"

तो रडू लागला. दाराबाहेरच्या बाकावरून वडील उठून आत आले.

"फ्यूज ना? मीच काढला, टेपही मीच लावली. हा बघा, माझ्याकडं आहे." पेन्शनच्या पुस्तकातून त्यांनी प्लास्टिकची पुडी काढली. "काढलेला पार्ट फेकायचा नसतो. पहाडात मी पायानं ब्रेक दाबत-सोडत गाड्या उतरवल्यात, साहेब. चाक कधी जाम होऊ दिलं नाही. यालाही तेच शिकवलं. मशीनच्या भरवशावर पोराला कसं सोडू?"

"बाबा, तुम्ही चूप बसा ना!" मुलगा ओरडला.

मी सांगितले, "काका, तुमचा पाय जे करायचा तेच ते यंत्र करतं. फक्त कितीतरी जलद."

ते पुडीकडे बघत राहिले. "मग हा फ्यूज असता तर ती बाई...?"

"ते कोर्ट बघेल," मी म्हणालो. मिस्त्रीने मला उत्तर आधीच दिले होते: "ट्रेलर सीधा रहता."

फ्यूज जप्त केला. वडिलांनी जप्तीच्या कागदावर नीट सही केली, पावती मागितली आणि घडी करून त्याच पुस्तकात ठेवली. दोषारोपपत्रात दोघांचीही नावे गेली. दिवा झाकलेला आहे हे माहीत असूनही मुलाने गाडी चालवली होती.

तोवर मी प्रत्येक अपघातात आधी दारू आणि बेफिकिरी शोधत असे. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो: इथे कोणी कोणाच्या काळजीपोटी काही केले होते का? पुढच्या तपासांत त्याचा उपयोग झाला. पण त्या दिवशी मी कोर्टाचे नाव पुढे केले ते त्या बापाला सांभाळायला की स्वतःला, हे निवृत्तीनंतरही मला ठरवता आलेले नाही.