ओतलेलं पाणी

"एक तर सासूबाईंना बरं कर, नाही तर घेऊन जा. मला हे जमणार नाही." सौदीत मूर्ती उघड्यावर नको, म्हणून जुबैलच्या आमच्या घरात देव कपड्यांच्या कपाटात असतात. त्या सकाळी दार उघडून बाळकृष्णाला मी एवढंच सांगितलं. हात जोडले नाहीत.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि इथेच त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी आणलं, ते थेट माझ्या गळ्यात. नवरा आठवडाभर लांब, रास अल खैरच्या प्लँटवर. इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी उगवणार. पुण्याहून दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे दिवसभर एसी, आईची छान सोय झाली." माझ्या एकाही भाजीला ज्यांनी कधी बरं म्हटलं नाही, त्यांचे डायपर मी बदलत होते.

मी कामाला मागे हटणारी नाही. ओल्या वाइप्सनी अंग पुसायचं, कपडे बदलायचे, पेज भरवायची. पण घरी आल्यापासून त्या तोंडच उघडेनात. चमचा नेला की मान फिरवायच्या. गिळता येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी. मला वाटलं, बोलणं गेलं तरी हट्ट शाबूत आहे.

दुपारी बेल वाजली. लिफ्ट बंद पडली होती. वरच्या मजल्यावरची रत्नागिरीची मुसलमान शेजारीण पिशव्या घेऊन धापा टाकत उभी. आमचं बोलणं सलामापुरतंच. "वहिनी, घोटभर पाणी दे गो." पाणी पिताना तिला आतल्या खोलीत सासूबाई दिसल्या. मी भडाभडा सगळं सांगितलं.

"आंघोळ घातलीस?"

"रोज पुसते की."

"अगो, पुसतात ते टेबल! माझी सासू शेवटपर्यंत वजू केल्याशिवाय, हातपाय-तोंड धुतल्याशिवाय घास घेत नव्हती. बादली आण."

आम्ही दोघींनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाथरूममध्ये नेलं. तिने खांदा धरून हातांवर, पायांवर तांब्याने पाणी ओतलं. सासूबाईंनी डोळे मिटले. ओठ हलू लागले; आंघोळीच्या वेळी त्या नद्यांची नावं घेत, तीच असावीत. पुढचं मला कुणी सांगावं लागलं नाही. त्यांना कोरडं करून पलंगावर बसवलं, कपाटातला बाळकृष्ण डाव्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि तोंड उघडलं. आंघोळ नाही, देव नाही, तोवर चहासुद्धा न घेणारी बाई ती. लग्न झाल्यापासून मी हेच पाहत आले होते.

धडधाकट असत्या तर या शेजारणीच्या हातचं पाणी त्यांनी अंगावर घेतलं असतं का? त्या दोघींकडे बघून हा कडू प्रश्न मनात आलाच.

बाळकृष्णापुढे मी दोन गोष्टी ठेवल्या होत्या. त्याने बरं केलं नाही, नेलंही नाही. पाणी मागणारी एक बाई दारात आणून उभी केली. तेव्हापासून काय द्यावं हे मी त्याला सांगत नाही. सकाळी बादली भरते, कपाट उघडते, हात जोडते. सासूबाई जेवतात. मीठ कमी पडलं की पहिल्यासारखंच तोंड वाकडं करतात. मी मीठ घालते.