यादीतला माझा पत्ता

बाळाराम गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. वीस वर्षांची मैत्री, आणि बातमी अशी चारचौघांबरोबर... दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. बोनकोड्याच्या स्मशानात मी मागेच उभा राहिलो.

आम्ही दोघंही सर्व्हर सांभाळणारे. मी सानपाड्याच्या सोसायटीतला, तो मूळचा बोनकोड्याचा आगरी. त्याची आई आणि आळीतल्या बाया लग्नात धवले गायच्या. ती गाणी त्याने वर्षानुवर्षं रेकॉर्ड केली आणि स्वतःच्या छोट्याशा सर्व्हरवर ठेवली. कुलूप दुहेरी. प्रत्येकाला आपापला पासवर्ड तर हवाच, शिवाय ज्या घरच्या इंटरनेट कनेक्शनचा पत्ता त्याने यादीत लिहिलाय, तिथूनच साइट उघडायची. यादीत मोजकीच घरं, त्यात माझं एक. लग्नातल्या गाण्यांना बँकेसारखा बंदोबस्त कशाला, म्हणून मी त्याची टर उडवायचो.

आणि घात मीच केला. एक धवला मी ओळखीतल्या एकाला दिला, आठवड्याभरात तो कुणाच्या तरी रीलवर वाजू लागला. बाळाराम आवाज न चढवता म्हणाला, "सुरेश, ही गानी आमचे आयांची हान. त्यांना इचारल्याबिगर द्याची नव्हती." माफी मागायची सोडून मी वाद घातला. पुढच्या महिन्यात घरून साइट उघडायला गेलो, तर प्रवेश नाकारलेला. मनात म्हटलं, काढलंस ना मला यादीतून? मग राहू दे. मीही काही कमी हट्टी नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "भावजी, सासूबाईंचा आवाज आयकायचाय. ह्यांच्या कॉम्प्युटरवर तुमालाच जमल." मी त्याच्या खुर्चीत बसलो, पासवर्ड वहिनींनी वहीतून वाचून दाखवला. धवला लावून दिला आणि न राहवून ती यादी उघडली.

माझा पत्ता तिथेच होता. भांडणानंतरच्या त्या महिन्यात मी घरचं इंटरनेट कनेक्शन बदललं होतं... इंटरनेटची कंपनी बदलली की हा पत्ताही बदलतो. साइट उघडत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच विचारतो. स्वतःला मात्र विचारलं नाही.

प्रत्येक पत्त्यापुढे बारीकशी टीप लिहायची बाळारामची सवय. माझ्यापुढे लिहिलं होतं, "सुरेश, सानपाडा. नवीन पत्त्यावरनं आल्ता. फोन करल तवा टाकीन."

शेजारी वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. धवला संपला, त्यांनी परत लावायला सांगितलं. मी लावला. दोन वर्षं फोन माझ्या खिशातच होता.